कसाव्याचा पाला मोखाड्याला, सूर्याचं पाणी बोळिंजला

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. पूर्ण वाचून खुशाल भांडा.

गेल्या रविवारी आमच्या बोळिंजमध्ये एका मंडळाची बैठक होती. नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, निम्मी माझ्या ओळखीची, दोघी तर शाळेपासूनच्या मैत्रिणी. दरवर्षी पावसाच्या तोंडाला हे मंडळ जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वह्या, छत्र्या, ब्लँकेटं घेऊन जातं. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की वस्तू वाटण्यापेक्षा कायमचा उपाय द्यावा. उपाय काय, तर कसावा. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, ते झाड. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. आफ्रिकेतल्या बायका या झाडाचा पाला खुडतायत, उखळात कुटतायत, आणि खाली लिहिलंय की प्रथिनं भरपूर, पाणी लागत नाही, फांदी खोचली की झाड उभं. सगळे खूश. जूनमध्ये केरळहून फांद्या मागवायच्या आणि पाड्या-पाड्यावर लावायच्या असं जवळजवळ ठरलंच. "कोरड्या भागातली पालेभाजी" हे शब्द अर्ध्या तासात मी चार वेळा ऐकले.

मी हात वर केला. म्हटलं, हा पाला शिजवायचा कसा, कुणाला माहीत आहे का?

"अगं, मेथीसारखा. लसूण-मिरचीची फोडणी घातली की झालं!"

ही पोस्ट त्या उत्तरावर आहे.

आधी त्या झाडाची बाजू सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई प्रत्येक गोष्टीत खोडा घालते. कसाव्याचा पाला खरंच खातात. काँगोत तो रोजच्या जेवणात असतो, त्याला पोंडू म्हणतात. मोझांबिकमध्ये शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून मटापा करतात. इंडोनेशियात कोवळी पानं उकडून खातात. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात साधारण ७ ग्रॅम प्रथिनं निघतात, पालकात २ ग्रॅमच्या आसपास. आणि त्याच झाडाच्या कंदाचा जो साबुदाणा आपण संकष्टीला वाटीवाटीने खातो, त्यात १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत, नुसता स्टार्च. खिचडीत जे काही पोषण असतं ते बिचाऱ्या दाण्याच्या कुटाचं. म्हणजे झाडाचा पौष्टिक भाग सोडून आपण नेमका रिकामा भाग पूजेला बसवलाय, हे त्या व्हिडिओवाल्याचं म्हणणं चूक नाही.

पण हा पाला विषारी आहे. कच्चा, किंवा कच्चट राहिलेला. त्याच्या पानात असे घटक असतात की पान चुरलं, चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून त्या व्हिडिओतल्या बायका उखळात कुटत होत्या, हौस म्हणून नाही. आधी बारीक कुटायचं, म्हणजे विष सुटं होतं. मग भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, बराच वेळ उकळायचं, म्हणजे ते वाफेबरोबर निघून जातं. बरेच जण ते पाणी ओतून देतात. ब्राझीलमध्ये याच पाल्याचा एक पदार्थ करतात, त्यासाठी पाला जवळपास आठवडाभर शिजवतात. आठवडाभर! आणि आपण दोन मिनिटं लसणीवर परतणार.

केरळचं उदाहरण बैठकीत दोनदा दिलं गेलं, म्हणून तेही सांगते. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०च्या दशकात तिथे हा कंद लोकांनी लावावा म्हणून जोर लावला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा याच कंदाने तिथली गरिबाची चूल पेटती ठेवली. आजही कप्पा आणि माशाचं कालवण म्हणजे केरळी माणसाचा जीव. पण पाला? इतकी वर्षं अंगणात झाड असून तिथे त्याची सर्रास भाजी झाली नाही. उलट हिरवा पाला खाऊन गुरं-शेळ्या दगावतात हे तिथल्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कंदांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था १९६३ पासून तिरुअनंतपुरमजवळ आहे. फांद्या मागवायच्या आधी तिथे एक फोन करायला काय हरकत होती?

आता 'कोरड्या भागातली' या शब्दाकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे.

कसावा दुष्काळात टिकतो, खरं आहे. पण टिकतो कसा? पानं गाळून. पाणी संपलं की हे झाड नवी पानं काढणं थांबवतं, जुनी टाकून देतं आणि जमिनीतल्या कंदावर तग धरून बसतं. कंद खाणाऱ्याला हे बरं. पण तुम्ही झाड लावणार पाल्यासाठी, आणि पाला मिळणार पावसाळ्यात, जेव्हा डोंगर नुसता हिरवागार असतो, टाकळा, कुर्डू, कोरळ, भारंगी काय वाटेल ते उगवतं आणि शहरातले लोक रानभाज्यांच्या महोत्सवात फोटो काढत असतात. फाल्गुन-चैत्रात, जेव्हा ताटात हिरवं काही नसतं, तेव्हा हे झाडही बोडकंच उभं राहणार.

त्यावरही कडी म्हणजे, पाण्याचा ताण पडला की या झाडातलं विष वाढतं. १९८१ साली उत्तर मोझांबिकच्या नामपुला भागात दुष्काळ पडला. लोकांकडे कडू कसाव्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि नेहमीसारखा तो वाळवायला, आंबवायला वेळ नव्हता. हजाराहून जास्त लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. ते कंदामुळे झालं, पाल्यामुळे नाही, हे मान्य. पण विष तेच. शरीराला हे विष निकामी करायला गंधक असलेली प्रथिनं लागतात. जे मूल आधीच कुपोषित आहे, ज्याच्या पोटात डाळ-अंडं जात नाही, त्याच्याकडे नेमकी तीच नसतात. म्हणजे ज्याच्यासाठी आपण ही भाजी नेतोय, त्यालाच ती सगळ्यात जास्त बाधण्याची शक्यता. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुलं गेली तेव्हा सगळं राज्य हादरलं होतं. त्या भागात 'प्रयोग' म्हणून काही नेताना हात थोडा तरी थरथरायला हवा.

तुम्ही म्हणाल, आदिवासींना शिकवू, ते शिकतील. अहो, त्यांना तुम्ही काय शिकवणार? कडू कंद चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढणं त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. खाजरी शेवळं काकडांबरोबर शिजवायची हे आपल्या वसईच्या बायकांनी कुणाकडून उचललं? पण ते ज्ञान त्यांच्या रानातल्या झाडांचं आहे, पिढ्यांच्या चुका भरून मिळालेलं. बाहेरचं झाड आणून त्यांच्या दारात लावायचं आणि चुका त्यांच्या पोरांवर होऊ द्यायच्या, ह्याला मी तरी समाजसेवा म्हणत नाही.

आणि त्या वाहत्या पाण्याचं काय? पाला कुटायचा, दोन-तीन पाण्यात उकळायचा, पाणी ओतून द्यायचं. एप्रिलमध्ये. जिथे बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात, तिथे.

बैठकीनंतर मला राहवेना. आगाशीच्या बाजारात एक वारली मावशी बसते, मोखाड्याकडची. पावसाळ्यात शेवळं, लोत, कर्टुली आणते, दिवाळीनंतर इथेच बिगारीच्या कामाला असते. तिला सगळं सांगितलं. ती हसली.

"बाय, झाड लावाल खरा, पन पाला खुडायला घरात कोन रेल? दिवाली झाली का आमी समदी हितंच वीटभट्टीवर. पाड्यावर म्हातारी मानसं नि कुत्री."

हे मला का सुचलं नव्हतं? मला सुचलं नव्हतं, मंडळालाही नाही, व्हिडिओवाल्याचा तर प्रश्नच नाही. पीक निघालं, मजुरी संपली की जव्हार-मोखाड्याची अर्धी घरं कुलूप लावून उतरतात. वसई, भिवंडी, वाड्याच्या वीटभट्ट्या, आपल्या इमारतींची कामं. विरारला सकाळी नाक्यावर उभी असतात ती हीच माणसं. उपासमारीचे महिने ती पाड्यावर काढतच नाहीत, आपल्या गेटसमोर काढतात. त्यांची पोरं आपल्या सोसायटीच्या वाळूच्या ढिगावर खेळतात, आणि आपण त्यांच्यासाठी शंभरेक किलोमीटर लांब झाड लावायला निघालोय.

"पालेभाजी नको, मावशी?" मी विचारलं.

"भाजी कशाला नको? पानी द्या ना. पानी असला तर आमी काय पन लावू."

इथून पुढे ज्यांना राग येणार आहे, त्यांना येऊ दे.

जव्हार-मोखाडा हा 'कोरडा भाग' नाही. सोलापूर, आटपाडी कोरडे. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूरच्या चौपट. तो भाग आठ महिने कोरडा असतो कारण उतारावरचं पाणी थांबत नाही, आणि जे थांबवलं ते त्यांच्यासाठी थांबवलं नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ साली पूर्ण झालं, मुंबई महापालिकेने बांधलं, पाणी मुंबईला. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, सगळी तीच कहाणी.

मुंबईला शिव्या घालणं सोपं आहे, आपण वसईकर त्यात पटाईत. आता स्वतःच्या नळाकडे बघा. सूर्या प्रकल्प, धामणीचं धरण आणि कवडासचा बंधारा, मुळात सिंचनाचा प्रकल्प. डहाणू, पालघर, विक्रमगड तालुक्यांतली शेती भिजवायला तो आखला गेला. त्यातलं पाणी आज कुठे येतं? वसई-विरारला सूर्याच्या जुन्या दोन योजनांतून रोज २०० दशलक्ष लिटर. उसगाव आणि पेल्हार मिळून जेमतेम ३०. त्यावर एमएमआरडीएची नवी ४०३ दशलक्ष लिटरची योजना, त्यातलं १८५ वसई-विरारचं आणि २१८ मीरा-भाईंदरचं. मेंढवण खिंडीत बोगदा, तुंगारेश्वरच्या डोंगरात बोगदा. २०२३च्या शेवटी ते पाणी यायला लागलं तेव्हा आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. बोळिंजच्या म्हाडाच्या घरांना गिऱ्हाईक मिळेना, त्याचं एक मोठं कारण पाणी होतं, ते आता मिटतंय म्हणून सगळे आनंदात. तिकडे शेतीच्या वाट्याचं पाणी पळवलं म्हणून सूर्याच्या खोऱ्यातले आदिवासी कितीतरी वर्षं मोर्चे काढत होते, ते आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

मी म्हणत नाही की बोळिंजचे नळ तोडा. माझ्याही घरात तेच पाणी येतं, आत्ता चहाला तेच आहे. पण ज्यांचं पाणी आपण पितो, त्यांनाच जाऊन "तुमच्यासाठी बिनपाण्याची भाजी आणलीय" असं सांगायचं? थोडी तरी लाज?

आणि पाण्याचं काय होतं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. मी याच गावची लेक आहे. आमच्या वाडीत विहीर होती, आजोबांच्या वेळी तिच्यावर रहाट, मग इंजिन. वाडीच्या खालच्या अंगाला बावखल. नवीन राहायला आलेल्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं, पावसाचं पाणी साठवणारं आणि जमिनीत मुरवणारं. त्याच्या काठाला अळू, वर केळी, कुंपणाला वाल आणि पडवळ, कोपऱ्यात शेवगा. आजी मे महिन्यातसुद्धा भाजी विकत आणायची नाही. तिला कुणी 'दुष्काळ सहन करणारी जात' सांगितली असती तर तिने विचारलं असतं, बावखल असताना दुष्काळ कसला? मग ऐंशीच्या दशकात टँकर आले. विहिरींतून पाणी उपसून इमारतींना विकलं गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा आमच्याच घरात काही जण म्हणाले, विकासाच्या आड कशाला येतात. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. बावखल भरलं, त्यावर चार मजली इमारत उभी आहे. तिला दर उन्हाळ्यात टँकर लागायचा, आणि तिच्या बागेत शोभेची झुडपं आहेत, ज्यांचं एक पान बकरीसुद्धा खात नाही. आम्हीच विकली ती जागा. दोष दुसऱ्या कुणाला देत नाहीये.

मग करायचं काय? नुसती टीका नको, हे मैत्रिणीने फोनवर ऐकवलंच.

पालाच हवा असेल तर तो आपल्याकडे आहे. शेवगा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत आणि हदग्याच्या पाल्यात जवळजवळ ८. कसाव्याइतकीच, विष न काढता. शेवगा मे-जूनमध्ये फांदीने लागतो, हदगा बीने. शेवगा उन्हाळ्यात थोडा उघडा पडतो हे खरं, पण सांडपाण्याची एक धार मिळाली तरी पालवतो. पाला वाळवून भुकटी डब्यात ठेवता येते, भाकरीच्या पिठात चमचाभर घातली की झालं, आणि ती पाड्यावरून वीटभट्टीवरही नेता येते. दारात शेवगा नको म्हणतात ते सुरवंटांमुळे, आणि फांद्या काडकन मोडतात म्हणून. मग दारात नका लावू, मोरीच्या मागे लावा.

पण मंडळाकडे जमलेले पैसे मी झाडावर घालणार नाही, शेवग्यावरसुद्धा नाही. एका पाड्याची एक विहीर घ्या. गाळ काढा, कठडा बांधा, वरच्या ओहोळावर दगडमातीचे दोन बांध घाला, आणि पाड्यातल्या माणसांना विचारून घाला. त्यात फोटोला काही नसतं, मला कळतं. हिरवी झाडं, हातात फांदी घेतलेली आदिवासी मुलगी, मागे आपला बॅनर, असा फोटो विहिरीच्या गाळात उभं राहून येत नाही.

आणि इथे, बोळिंजमध्ये. बांधकामावरच्या पोरांना जवळच्या अंगणवाडीत नेऊन नाव घालायला कुणी दोघी-तिघी तयार असतील तर मला सांगा. बिल्डर नेणार नाही, आई-बाप सकाळी सातला कामावर असतात, आणि "आमच्या हद्दीतली नाहीत" हे उत्तर मी एकदा ऐकून आलेय. तीन जणी गेलो तर ते उत्तर द्यायला जरा जड जाईल. आहार तिथे आहे. त्या मुलांचं नाव पटावर नाही, एवढंच.

काल एकाने मला पर्सनल मेसेज केला, "ताई, तुम्ही नकारात्मक आहात, निदान काहीतरी तर करतायत ना ते." अरे बाबा, काहीतरी करणं आणि बरं करणं यात फरक आहे, तो औषधाच्या दुकानात आपल्याला लगेच कळतो. पोराला ताप आला तर "काहीतरी द्या" म्हणतोस का? दुसऱ्याने लिहिलं की आफ्रिकेत चालतं तर इथे का नाही. तिथे उखळ आहे, लाकूड आहे, आईकडून शिकलेली लेक आहे. फांदीबरोबर तेवढं सगळं पार्सलने येणार असेल तर जरूर मागवा.

मंडळाची पुढची बैठक या रविवारी संध्याकाळी सहाला, त्याच हॉलमध्ये. मी आगाशीच्या मावशीला घेऊन येणार आहे. त्या दिवसाची तिची मजुरी बुडेल, ती मी देते. तिला खुर्ची द्या, आणि तिला आधी बोलू द्या.